पोरीची अन्नावरची वासना उडाली : आपल्याकडे हे दुखणं ओळखू का येत नाही?

निंबोणी (धागाकर्ती)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. ही गोष्ट मात्र शाळेतली नाही, घरातली आहे. माझ्या भावाची मुलगी अकरावीला आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. "नाव-गाव टाकू नको आत्या, बाकी लिही," म्हणाली.

गेल्या वर्षी तिने मार्गशीर्षातले गुरुवार धरले. घरात कौतुक झालं. मग सोमवार आला, मग चतुर्थी, मग एकादशी. वहिनी शेजारणीला सांगायची, "माह्यी पोरगी लय देवभोळी हाये." हळूहळू उपास सुटायच्या दिवशीही ती जेवेना. "पोट गच्च आहे, नंतर खातो," एवढंच.

आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग लहान पोरं, शेवटी वहिनी आणि ती, चुलीपाशी. भाकरी तीच थापायची. मोबाईलवर बघून पाटवडी, गोळाभात, सांबारवडी करायची आणि आग्रह करकरून सगळ्यांना वाढायची. माझ्या ताटात तिसरी भाकर टाकताना हात धरावा लागायचा तिचा. या वाढणाऱ्या हाताने स्वतः काय खाल्लं, हे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नाही.

उघडकीला आलं ते बकरीमुळे. ताटं वाजली की बकरी मागच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि पोरीच्या ओढणीचं टोक हुंगायची. वहिनीने एक दिवस ते टोक सोडवून पाहिलं. आत भाकरीचे चतकोर होते, कालचे वाळलेले आणि आजचे ओले.

त्याच आठवड्यात अंगणात कापूस मोजणं चाललं होतं. गंमत म्हणून लहान पोरं काट्यावर चढत होती. तीही चढली. दादाने आकडा पाहिला, डोळे पुसले आणि पुन्हा पाहिला. चांगली वेचणारी बाई दिवसभरात जेवढं गाठोडं बांधते, तेवढीच भरली आमची पोर.

मग गावात जे होतं ते सगळं झालं. मीठ-मोहरी उतरवली. भगताने दोरा दिला. एका दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे सोनोग्राफी आणि टीबीची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले, "नाटकं आहेत, दोन ठेवून द्या." पाच महिन्यांपासून पाळी नव्हती, ते तिने लपवलं होतं. ते कळलं तेव्हा वहिनीला भलतीच शंका आली आणि घरात नको ते बोललं गेलं.

मी वाचलं तेव्हा ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं टाकून वाळत जाण्याचा मनाचा आजार, हा शब्द सापडला. पण सगळीकडे लिहिलेलं की मुलीला जाड होण्याची भीती असते, आरशात ती स्वतःला जाड दिसते. आमच्या घरचा आरसा तळहाताएवढा. तिला सरळ विचारलं. म्हणाली, "जाड-बारीक माह्या डोक्यातच नाई आत्या. घास खाली उतरत नाई."

मग हे ते नव्हेच का? कुणी असं पाहिलं आहे का?

पूर्णाकाठ

ताई, वाचून अंगावर काटा आला. माह्या मोठ्या बहिनीचं असंच झालं होतं, वीस वर्सं झाली असतीन. तिचं लगन ठरलं, पोरगा तिले पसंत नव्हता. बाबाच्या समोर बोलाची कोनाची छाती? तिनं जेवनच टाकलं. आजी म्हने, "रुसली हाये, पोटात आग पडली का येईन चुलीपाशी." नाई आली. मंग सारे म्हनले बाहेरचं हाये. ताईत झाला, दर्गा झाला. शेवटी बाबानं सोयरीक मोडली.

आता आयका. सोयरीक मोडल्यावरही तिले जेवता येत नव्हतं. ताटावर बसे, घास हातात घे, आन् रडे. जे हट्टानं सुरू केलं ते हट्ट पुरा झाल्यावर काउन थांबलं नाई, हे मले अजून समजलं नाई. कैकेयीचा हट्ट पुरा झाला तशी ते कोपभवनातून बाहेर आली. माह्यी बहीन दीड वर्स आतच होती.

डॉ_गावाकडचा

निंबोणी ताई, तुमच्या भाचीला हेच आहे असं इथे बसून मी म्हणणार नाही. पण "जाड होण्याची भीती नाही, म्हणजे ॲनोरेक्सिया नाही" हे बरोबर नाही. थोडं सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजापायी आपल्या भागातल्या पोरी हातच्या जातात.

या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन करणारा माणूस क्षयरोगाचा अभ्यासक होता. लंडनचा रिचर्ड मॉर्टन. क्षयावरच्या १६८९ च्या आपल्या पुस्तकात त्याने एका अठरा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. ताप नाही, खोकला नाही, पाळी बंद आणि नुसता हाडांचा सापळा. कारण म्हणून त्याने दुःख आणि काळज्या लिहून ठेवल्या. मुलीने औषधं नाकारली आणि ती गेली. तुमच्याकडे टीबी तपासला गेला, तो योग्यच. पण टीबी नाही हे कळल्यावर मॉर्टन तिथे थांबला नव्हता.

पुढे १८७३ मध्ये पॅरिसला लासेग आणि लंडनला विल्यम गल या डॉक्टरांनी या आजाराची वर्णनं केली आणि गलने त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. लासेगच्या रुग्ण मुली जेवल्यावर पोटात होणाऱ्या त्रासाबद्दल बोलत. जाड होण्याच्या भीतीला या दोघांच्याही वर्णनात मध्यवर्ती जागा नाही. आरसा आणि देहाची प्रतिमा हा भाग आला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांच्या कामातून, आणि मग तोच आजाराची ओळख होऊन बसला.

१९९३ मध्ये हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी ७० चिनी रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या ४१ जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, ही त्यांची कारणं. १९९५ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुणींची माहिती छापली. खाणं नाकारणं, उलट्या, वजन उतरणं, पाळी बंद, हे सगळं होतं, पण आपण जाड दिसतो असं कुणीच म्हणत नव्हती. अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका २०१३ मध्ये बदलली. तेव्हा पाळी बंद होण्याची अट निघाली, आणि भीती बोलून दाखवली नाही तरी वजन वाढू न देणारं वागणं सतत दिसलं तरी ते धरावं, असं ठरलं. ओढणीच्या टोकातली भाकर याच सदरात येते, ताई.

पूर्णाकाठ दादा, तुमचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी जातो. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग सुरू केला. सगळे स्वखुशीने आलेले. सहा महिने त्यांचं जेवण साधारण निम्म्यावर आणलं. ही माणसं चिडकी, एकलकोंडी, उदास झाली. कायम थंडी वाजायची. एकेका जेवणावर तासन्‌तास बसून राहायची. आणि ज्यांनी आयुष्यात पाककृती वाचली नव्हती, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपासमारीनेच मन असं बदलतं. तुमच्या बहिणीने सुरुवात हट्टाने केली असेल, पण काही आठवड्यांनी शरीर आणि मेंदूच त्या अवस्थेत अडकले. तिथून पुढे तो हट्ट नसतो. आणि ताई, तुमची भाची सगळ्यांना तिसरी भाकर का वाढत होती, याचंही उत्तर यातच आहे.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. पहिली, या धाग्यावर वजनाचे आणि खाण्याचे आकडे लिहू नका. अशा मुली हे वाचतात आणि स्वतःशी ताडून पाहतात. दुसरी, आता घाबरून तिला एकदम तूप, शिरा, दूध भरवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकाएकी अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं पोटभर जेवून दगावली, ती अशीच. नाडी फार मंद असेल, उभं राहताना अंधारी येत असेल, पायांवर सूज असेल, तर उद्याच जिल्हा रुग्णालयात न्या. रक्त आणि ईसीजी तपासायला सांगा. थायरॉईड, साखर आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बघून घ्या. मानसोपचार विभागाचा कागद त्याच दिवशी काढा.

बांधावरचा

मला राग येतोय आणि तो लपवत नाही. मी मेळघाटाच्या पायथ्याशी राहतो. १९९३ मधल्या कुपोषणाच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्याकडे पोरं खायला नाही म्हणून वाळतात. अन्न समोर असून न खाणं हा ज्यांच्या कणग्या भरलेल्या आहेत त्यांचा आजार आहे. त्याला एवढं डोक्यावर घ्यायचं का?

निंबोणी

दादा, तुमचा राग समजते. आमची कणगी भरलेली नाही. पाच एकर कोरडवाहू आहे, दोन वर्षं बोंडअळीने नेली. ज्या वर्षी घरात खर्चाची ओढाताण होती त्याच वर्षी पोरीने उपास वाढवले. परवा ती मला म्हणाली, "माह्यामुळं तरी कमी लागते न आत्या." हे ऐकल्यावर मला गरिबी आणि आजार वेगळे काढता येईनात.

अंगणवाडीची_बाई

बांधावरचा दादा, मी तीच मोजमापं करते, म्हणून बोलते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, ती याचसाठी. बाई बारीक, पिवळी, थकलेली असणं आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालं आहे की त्यात एखादी आजारी आहे हे दिसतच नाही. शहरात पोरगी वाळली की मैत्रिणी विचारतात. गावात म्हणतात, "आईवर गेली."

आणि बाईच्या ताटाचं निंबोणी ताईंनी लिहिलं ते वाचून मी रात्री झोपले नाही. मी पंधरा वर्षं घरोघर जाते, लेकरू काय खाते ते वहीत लिहिते. लेकराच्या मायने काय खाल्लं, हे विचारलं की बाई हसते आणि "जे उरते ते" म्हणते. मीही तेच लिहून पुढे जाते.

वैद्य_वाशीमकर

डॉक्टरांच्या लिखाणाला आपल्या परंपरेतली एक जोड देतो. चरकाने अरोचकाचे, म्हणजे अन्न नकोसं होण्याचे, पाच प्रकार सांगितले. चार शरीरातल्या दोषांचे (वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून), आणि पाचवा शोक, भय, क्रोध, लोभ अशा मनाच्या कारणांचा. म्हणजे दुःखाने अन्न नकोसं होतं, हे आपल्याकडे आजार म्हणून नोंदलेलं आहे. पुढच्या टीकाकारांनी आणखी बारीक फरक केला. अन्न तोंडात घेतल्यावर चव लागत नाही तो अरोचक. आणि अन्नाचा नुसता विचार आला, ते दिसलं, त्याचं नाव ऐकलं तरी तिटकारा येतो तो भक्तद्वेष.

माझ्याकडे पाचक चूर्ण मागायला येणाऱ्या दहा पोरींपैकी एखादी दुसऱ्या प्रकारातली असते. पूर्वी मी तिलाही चूर्णच द्यायचो. तिला चूर्ण देऊन तीन महिने वाया घालवणं हा माझा दोष होता. आता नाडी आणि वजन पाहतो, पाळी विचारतो, आणि शंका आली की पुढे पाठवतो.

ज्वारीचं_कणीस

मी कधी इथे लिहीत नाही. आज लिहिते. मी त्या आजारातून बाहेर आले आहे. अमरावती जिल्ह्यातली, आता दोन मुलांची आई आहे.

बारावीला होते. आई अंथरुणाला खिळलेली, घरचं सगळं माझ्यावर. चातुर्मासात एकवेळ जेवायचं व्रत घेतलं. आई बरी व्हावी म्हणून घेतलं होतं, ते खरंच होतं. पण आत दुसरंच काही सुरू झालं. आई बरी होणं माझ्या हातात नव्हतं, बाबांचं पिणं माझ्या हातात नव्हतं. न जेवणं होतं. लोक विचारतात भूक कशी लागत नव्हती? लागायची. रात्री पोटात पिळायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. ते पिळणं सोसलं की जिंकल्यासारखं वाटायचं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट माझी होती. पुढे जिंकल्यासारखं वाटणंही गेलं. नुसती भीती उरली. भाकर समोर आली की वाघ समोर आल्यासारखा जीव धडधडायचा. कशाची भीती, ते आजही मला शब्दांत सांगता येत नाही. "जाड होण्याची" असं कुणी सुचवलं असतं तर कदाचित मीही तेच म्हणाले असते.

मला मामीने वाचवलं. तिने "खा" म्हणायचं सोडलं. माझ्यासमोर तेवढंच ताट वाढून घ्यायची आणि माझा घास होईपर्यंत तिचा थांबवायची. तिची भाकर थंड व्हायची. बोलायची दुसरंच, म्हशीचं, शेजारच्या भांडणाचं. जेवण झाल्यावर अर्धा तास मला एकटं सोडायची नाही, तांदूळ निवडायला बसवायची. दवाखाना चालू होताच, पण दिवसाचे तीन घनघोर प्रसंग घरातच होते आणि तिथे मामी होती.

निंबोणी ताई, त्या "दोन ठेवून द्या"चं ओझं उतरवा तिच्यावरून. तिला सांगा की ती खोटारडी नाही. भाकर लपवली ती आजाराने लपवली.

डॉ_गावाकडचा

ज्वारीचं कणीस ताई, तुमच्या मामीने जे केलं ते लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात पद्धत म्हणून उभं राहिलं. शाळकरी वयाच्या रुग्णांत आई-वडिलांनी जेवणाची सूत्रं काही काळ स्वतःच्या हाती घ्यायची, दोष मुलीला द्यायचा नाही आणि आईलाही नाही. वजन सावरलं की सूत्रं हळूहळू परत तिच्याकडे. कोवळ्या वयात या उपचाराचा चांगला उपयोग होतो. आपल्याकडे मामी, आत्या, आजी हाताशी असतात, ही केवढी शिदोरी आहे.

हाँगकाँगचं अर्धंच सांगितलं होतं. १९९४ मध्ये तिथे भर रस्त्यात एक शाळकरी मुलगी कोसळून गेली. वर्तमानपत्रांनी आजाराची पाश्चात्त्य ओळख घरोघर पोचवली, आणि पुढच्या वर्षांत "जाड होण्याची भीती" सांगणारे रुग्ण वाढत गेले. त्रासाला समाज जे शब्द देतो, त्याच शब्दांत तो पुढे बोलू लागतो. आता गावोगाव मोबाईलवर बारीक कंबरेचे व्हिडिओ आहेत, त्यामुळे दोन्ही भाषा बोलणाऱ्या पोरी आपल्याला दिसतील.

शेगावची_वारी

एक मनातलं विचारतो, कुणी दुखावू नये. आपल्याकडे अन्न सोडणं म्हणजे तप. पवनारला विनोबांनी १९८२ मध्ये अन्नपाणी आणि औषध सोडून देह ठेवला. आपण हात जोडतो. मग या पोरींनी सोडलं की आजार कसा?

ज्वारीचं_कणीस

दादा, विनोबा ८७ वर्षांचे होते. आयुष्याचं काम करून, आजारपणात, सगळ्यांना सांगून त्यांनी तो निर्णय घेतला. मी सतरा वर्षांची होते आणि मला जगायचं होतं. मला खायचं होतं आणि खाता येत नव्हतं. व्रत मी धरलं होतं, मग व्रतानेच मला धरलं.

तुम्ही शेगावचे, म्हणून सांगते. गजानन महाराज १८७८ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. आजारात मी ती गोष्ट आठवून खूप रडले होते. एकेका शिताला एवढा मान देणारा देव माझ्या उपाशी राहण्याने खूश कसा होईल, हे मला मामीने नव्हे, त्या पत्रावळीने पटवलं.

शेगावची_वारी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. आता काही विचारायचं उरलं नाही.

माय_नऊवर्षांची

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. संक्रांतीच्या सुमारास बोराची बी घशात अडकली, शेजाऱ्यांनी पाठीत थापट्या मारून काढली. तेव्हापासून तो फक्त पातळ वरण आणि दूध घेतो. भाकर पाहिली की मान वळवतो. सासूबाई म्हणतात लाडावला. हे यातच येतं का?

डॉ_गावाकडचा

नाही, याचं घर वेगळं. घास अडकण्याच्या भीतीने, किंवा काही मुलांत चव आणि स्पर्श सहन न झाल्याने खाणं आखडतं, त्याला २०१३ पासून स्वतंत्र नाव आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला आर्फिड म्हणतात. यात वजन कमी करण्याचा हेतू नसतो. तो लाडावलेला नाही, घाबरलेला आहे. एकदा घसा तपासून घ्या. मग वरणात चुरून मऊ केलेला भाकरीचा कण, पुढच्या आठवड्यात दोन कण, अशा पायऱ्यांनी जा. दाबून भरवलं तर भीती पक्की होईल. वजन उतरत असेल तर थांबू नका. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

निंबोणी

बरेच दिवस लिहिता आलं नाही. डॉक्टरसाहेबांचं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिला जिल्ह्याला नेलं. नाडी फार मंद निघाली, तिथून नागपूरला पाठवलं. अकरा दिवस भरती होती. रोज रक्त तपासून थोडं थोडं वाढवत नेलं. पहिले तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "आत्या, मले वाटे मी सोडलं का सारं घर पडन."

घरी आल्यावर दादाने स्वतःहून सांगितलं की रात्री सगळे एका पंगतीत बसतील. वहिनीचं ताटही त्याच ओळीत. पहिल्या रात्री वहिनीला सगळ्यांसमोर घास घ्यायची लाज वाटत होती, पाटावर अर्धी वळून बसली होती. तिचंही रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फारच कमी निघालं.

मार्गशीर्ष लागला तशी पोर बेचैन झाली. धरलेलं व्रत मोडलं तर पाप लागेल, याने झोपेना. मला उत्तर सुचेना. आई, म्हणजे तिची आजी, म्हणाली, "मोडाचं कायले? उद्यापन करून टाकू." शेवटच्या गुरुवारी उद्यापन केलं, कुमारिका जेवायला बोलावल्या. त्यांच्या पंगतीत आजीने तिलाच पहिल्या पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. तिने अर्धी पुरणपोळी खाल्ली. बाकीच्या पोरी हात धुवून खेळायला गेल्या तरी ती आणि आजी पाटावरच. बकरी मागच्या दाराशी आली होती. वहिनीने उठून तिला तुरीचं कुटार टाकलं.

सगळं नीट झालेलं नाही. परवा ताट भिरकावलं तिने. पाळी अजून नाही. सोमवारी नागपूरची तारीख आहे. डॉक्टरसाहेब, सकाळी तिला फार थंडी वाजते, बोटं निळी पडतात. ते कधी जाईल?

डॉ_गावाकडचा

वजन भरत जाईल तसं, महिने लागतील. पण निळ्या बोटांचं सोमवारी तिथे आवर्जून दाखवा. चक्कर आली किंवा छातीत धडधड झाली तर सोमवारची वाट पाहू नका. तोवर स्वेटर आणि पायमोजे घाला, सकाळचा पहिला घास उठल्याबरोबर द्या, शेकोटीपाशी दिला तरी चालेल. ताट भिरकावलं तर दुसरं शांतपणे वाढा.

वहिनींच्या लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या का?